नंदाबाईचा पिवळ्या रंगाचा हंडा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. पाणी तापवायचा नव्हे, आणि भात शिजवायचा तर मुळीच नव्हे. धावड्याच्या नंदाबाईकडं मी लोकर रंगवतो. एकदा पोटात रंग पडला आणि अन्नाची न् माझी सोयरीक तुटली. त्याचं मला दुःख नाही. भात काय, कुणीही शिजवतं!

एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. त्या ठोक्यांच्या खुणा अजून अंगावर आहेत. दर दिवाळीला सिराजोद्दीनचाचा येतात आणि मला आतून कल्हई करतात. कल्हई म्हणजे माझी अब्रू. ती उडाली की तांबं रंगात उतरतं आणि पिवळा रंग हिरवट पडतो.

नंदाबाईची रीत ठरलेली. लोकर आधी स्वच्छ धुवायची, तुरटीच्या पाण्यात भिजवायची, मग माझ्या पोटात डाळिंबाच्या सालींबरोबर मंद आचेवर ठेवायची. ढवळायची मात्र नाही, नाहीतर लोकरीचा गोळा होतो. रंगलेली लोकर वाळवून, पिंजून ती टकळीवर कातते. तो रंग बघून बाया विचारत, "नंदाबाई, हळद वतली का काय यात?" मग मी आपला फुगून जाई.

यंदा दैवशालाचं, म्हणजे नंदाबाईच्या लेकीचं लग्न ठरलं. आमच्यात नवरा-नवरीला घोंगडीवर बसवतात. "माझ्या लग्नात घोंगडी मागून आणल्ती," नंदाबाई म्हणाली. "माझी लेक तिच्या सोताच्या घोंगडीवर बसंल, अन् किनार पिवळी पाह्यजे." पण पिवळ्या रंगाला पांढरी लोकर लागते, आणि आमच्या कळपात पांढऱ्या मेंढ्या दोनच. तेवढीच लोकर तिनं जपून ठेवली होती. त्यातली निम्मी तिनं माझ्या पोटात घातली आणि ती सरपण आणायला गेली.

तेवढ्यात माझ्या पोटात काहीतरी टुपकन पडलं. मला कळलं, पण हंड्याला कुठली आली वाचा?

दुपारी नंदाबाईनं झाकण काढलं आणि ती मटकन खालीच बसली. लोकर काळीकुट्ट झाली होती!

"अगं माय! काळी लोकर काय घरात कमी व्हती?" ती रडवेली झाली. तिची सासू गोजरबाई ओसरीवरून म्हणाली, "कुणाची तरी नजर लागली बघ."

"नजर कशाची, आत्याबाई? ह्या हंड्याचीच कल्हई उडाली. देऊन टाकते मोडीत."

मित्रांनो, त्या वेळी माझं काळीज फाटलं. इतकी वर्षं चुलीवर उभा राहिलो, आणि एका दिवसात बाद झालो? तिनं वरचा रंग ओतून दिला आणि मला तसाच, तळाच्या चोथ्यासकट कोपऱ्यात ढकललं. उरलेली पांढरी लोकर रंगवायची तिची हिंमतच होईना. दैवशाला म्हणाली, "राहू दे ना आई, बिनाकिनारीची चालंल मला." पण नंदाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

चौथ्या दिवशी नंदाबाईच्या निरोपावरून सिराजोद्दीनचाचा मला मोडीत न्यायला आले. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नंदाबाई, कल्हई तर बराबर है. मेरे हात का काम है ये. हंड्याला नावं नका ठेवू." त्यांनी मला पालथा घालून दगडावर आपटलं. वाळलेला चोथा सुटला आणि त्यातून खणकन एक लोखंडी खिळा बाहेर पडला.

"ये देखो! डाळिंबाच्या रंगात लोखंड पडलं की काळाच होणार ना!"

गोजरबाईनं हळूच पदर तोंडाला लावला.

"माझा हाय तो," ती म्हणाली. "लग्नाची लोकर म्हणून नजर लागू नये, मंग टाकला. असं करताना बोलायचं नस्तं, म्हणून बोलले न्हाई."

नंदाबाई अशी हसली, अशी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. "आत्याबाई, नजर न्हाई लागली वो, तुमचा खिळा लागला!"

हुश्श! कसं सांगू, माझ्या अंगावरून मणाचं ओझं उतरलं. नंदाबाईनं मला चिंचेनं घासलं, राखेनं पुसलं आणि ती म्हणाली, "उगं तुला बोल लावला रे बाबा." दुसऱ्याच दिवशी उरलेली लोकर माझ्यातून निघाली ती पिवळीधम्मक.

मित्रांनो, एवढंच सांगतो. जुन्या भांड्याला आणि म्हाताऱ्या माणसाला बाद ठरवण्याआधी एकदा तळाशी बघत जा, आणि प्रेमानं विचारत जा.

आणि ती काळी लोकर? दैवशालानं तीही कातली. पिवळ्या किनारीत आता एक बारीक काळी रेघ आहे. कुणी विचारलं की ती म्हणते, "आज्जीनं लावलेली तीट हाय ती."