मामाची मांडी

सोनारानं तार निरांजनावर धरली आणि

थांबा. आधी पंकज कसा बसला ते सांगायला हवं. कान टोचताना भाचा मामाच्या मांडीवर हवा, म्हणून जयमालानं धाकट्या भावाला राहुरीजवळच्या देवळालीला बोलावलं होतं. पंकजला हिमोफिलिया. रक्त गोठायला जे घटक लागतात त्यातला आठवा, फॅक्टर आठ, त्याच्या अंगात जवळजवळ नाहीच. लहानपणापासून सांध्यात रक्त झिरपून डावा गुडघा आखडलेला. तो पाय लांब करून बसला. उजव्या मांडीवर समर्थ, अजून रांगतच होता.

"मामाच असा, भाच्यानं बसायचं कुठं?" आक्काबाईंनी सुनेला टोमणा मारला.

"एक मांडी बास हाय की, मावशी," पंकज म्हणाला.

जयमाला हसली नाही. रांगायला लागल्यापासून समर्थच्या गुडघ्यांवर निळे डाग उठत होते. पण लग्नात आई म्हणाली होती, आता तुझं कूळ बदललं, हे दुखणं आमच्याकडंच राहिलं. तेवढ्या एका वाक्याला धरून ती

टोचलं. दोन्ही कान. थेंबभर रक्त आलं, थांबलं. जयमालाचा जीव भांड्यात पडला. तिनं सोनाराला आग्रहानं पोळी वाढली.

जेवणं आटोपली. झोळीतनं समर्थला उचललं तर झबल्याचा खांदा ओला.

उजवा कान.

हळद दाबली.

हळदीखालून पुन्हा

"थांबंल. आमच्या घराण्यात असलं कुनालाच न्हाई," आक्काबाई म्हणाल्या.

पंकज भिंतीला धरून उठला. "तुमच्यात नसंल, मावशी. आमच्यात हाय. आमचंबी असंच, आधी थांबतं आन् मग सुरू हुतं. पोराला हे आईकडनं येतं."

"म्हंजी?"

"ताईकडनं."

जयमालानं नवऱ्याकडं, कल्याणकडं पाहिलं. तो टेम्पोची चावी शोधत होता. चावी त्याच्या हातातच होती.

राहुरी मागं पडली. पंकजनं नगरच्या दवाखान्यात फोन लावला. "फॅक्टर आठ हाय का? बाळ हाय. न्हाई, तपासलेलं न्हाई, पन मी त्याचा मामा हाय. मला वळखता तुमी." मग बहिणीला म्हणाला, "फडकं उचलून बघू नको. बघितलं की धरलेलं सुटतं. नुसतं दाबून धर."

बघायचं नाही. दाबायचं. फडक्याखाली काय चाललंय ते बोटांनीच

समर्थ गप्प झाला.

"झोपलाय," पंकज म्हणाला.

झोपलाय, की

तिनं त्याच्या तळपायावर नख ओढलं. पाय हलला नाही. पुन्हा ओढलं. पाय आखडला, ओठ वाकडे झाले, समर्थनं भोकाड पसरलं. तिच्या बोटांखाली गरम ओल पसरली.

"उठवलंस कशाला त्याला?"

तिनं आणखी घट्ट दाबून धरलं. रडून रडून समर्थ पुन्हा शांत झाला. टेम्पो वांबोरी फाट्यापाशी गर्दीत अडकला. कल्याण हॉर्न वाजवत राहिला, आणि जयमालाचं नख पुन्हा त्या इवल्या तळपायाकडं गेलं.