काठावरच्या शेळ्यांची कूस

पेणच्या मटण मार्केटात सुरभीला सगळे ‘पिशवीवाली मॅडम’ म्हणत. गिऱ्हाईक कलेजीसाठी भांडायचं, ही शेळीच्या गर्भाशयासाठी. वर बर्फही फुकट मागायची. रोह्याच्या प्रयोगशाळेत तिचं कामच ते. उंदीर, मेंढी, शेळी, बाई, सगळ्यांच्या गर्भाशयाचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली मोठं करून ताडून पाहायचं. त्या पेशींवर राबातल्या भातरोपांसारखे बारीक केस दाटलेले असतात. गर्भ रुजायचे दिवस आले की काही पेशी तव्यावरच्या भाकरीसारख्या टम्म फुगतात. जातीजातीची तऱ्हा निराळी, पण अस्तर पाहुण्याची तयारी करतंच.

धरमतर खाडीकाठच्या एका गावातून आलेल्या शेळ्यांत मात्र ना केस, ना फुगवटा. घासलेल्या ताटासारखं सपाट.

सुरभीला काळजी लागली, ती काही शेळ्यांची नव्हे. त्याच गावात तिची थोरली बहीण नमिता दिली होती. तिची कूस उजवत नव्हती. सोमवारी पनवेलच्या दवाखान्यात गर्भ पोटात सोडायचा होता. तयार झालेला एकुलता एक.

प्रयोगशाळेतला सोबती ऋत्विक अस्तराचे फोटो पाहून हसला. “अगं, खाटकाला विकतात ती भाकड शेळी. गाभण राहणारी कोण कापायला देईल? तू नापासांचाच वर्ग तपासलास!”

स्वतःच्या मूर्खपणाचा सुरभीला इतका आनंद कधी झाला नव्हता. एक व्यायलेली शेळी तपासली की मिटलं. ती तडक बहिणीच्या गावी गेली. नमिताची सासू मैनाबाई अंगणात सुकट निवडत होती.

“मावशी, यंदा व्यायलेली शेळी हवी. कापणार नाय, तपासून परत देईन.”

“व्यायलेली? ती कुठली गो आता?”

“शेजारच्या धोंडुबाईकडे गोठाभर होत्या ना?”

“होत्या. एक राहीना, मग दुसरी राहीना. बोकड बदलला, तरी नाय. आमचा गाव लय हुशार! भाकड जनावर पोसायचं कशाला? ज्यानं त्यानं गुपचूप पेणला नेली. आता नुसते बोकड हायेत.”

म्हणजे त्या वर्गात पास झालेलं कुणी नव्हतंच. दारात नमिता उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

“सुरभे, माझंही तसंच असंल काय गो?”

“तपासल्याशिवाय नाय सांगता येणार, ताई. सोमवारचं पुढं ढकल.”

“ढकल म्हणे!” मैनाबाई उसळली. “शेळीची नि बाईची कूस एक हाय व्हय?”

नमितानं दवाखान्याला फोन लावला. पलीकडची बाई “बोला, बोला” म्हणत राहिली. सोमवार ठेवायचा की पुढं ढकलायचा, हे नमिताचं अजून ठरत नव्हतं.