गाडीतला दसरा

काटेवाडीच्या फाट्यावरचा गतिरोधक ओलांडला की गाडीत पायाखाली ‘खट्’ असं वाजायचं. द्वारकाबाई नेहमी पुढं, डावीकडे बसत, त्यामुळं ते पहिल्यांदा त्यांनाच जाणवलं. त्यांच्या लहानपणी बैलगाडीचं चाक आसावर ढिलं झालं की असंच वाजे. मग वडील खाली उतरून चाकाला हात लावत आणि म्हणत, “ही आता बोलाय लागली.” द्वारकाबाईंनीही लेकाला तेवढंच सांगितलं, की गाडी बोलाय लागलीय. इंद्रजितनं हसून सोडून दिलं. गणपती झाले आणि आवाज वाढला, ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढू लागली, तेव्हा त्यानं एका रविवारी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून चाक हलवून पाहिलं.

पुढच्या दोन्ही चाकांचे खालचे आर्म गेले होते. हात पुसता पुसता त्यानं आईला समजावून सांगितलं. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात म्हणजे आर्म. त्याच्या मुळाशी जाड रबराचे बुश असतात, आणि ते झिजले की लोखंड लोखंडावर आपटतं. इंद्रजित एमआयडीसीतल्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचा, त्यामुळं हे काम घरीच करायचं त्यानं ठरवलं. गॅरेजवाल्यांकडे दसऱ्याच्या तोंडावर तशीही रांग होती.

“दसऱ्याला इंदापूरला जायाचं हाय,” द्वारकाबाईंनी आठवण करून दिली.

ते त्यांनी दोनदा सांगितलं, कारण यंदा तिकडं जाणं चुकवून चालणार नव्हतं. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठाला त्यांची थोरली बहीण फुलाबाई दिली होती. लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला द्वारकाबाई अक्काच्या दारात जाऊन तिच्या हातावर सोनं ठेवत. धाकटीनं थोरलीच्या दारात जायचं, ही त्यांच्या माहेरची रीत. पहिल्या वर्षी त्या बैलगाडीनं गेल्या, मग एसटीनं, मग इंद्रजितच्या वडिलांच्या फटफटीवर मागं बसून. गेल्या वर्षी मात्र गुडघ्यानं अंथरूण धरायला लावलं आणि जाणं चुकलं. फुलाबाईनं रुसवा धरला. फोन केला की ती सुनेशी बोले, इंद्रजितची चौकशी करी, म्हशींचीसुद्धा करी. द्वारकाबाईंनी फोन हातात घेतला की तिचं एकच वाक्य ठरलेलं. “सोनं घिऊन आलीस की बोलू.” ऐंशीच्या घरातल्या बाईचा रुसवा म्हणजे जुन्या बाभळीची गाठ. वेळेवर फोडली तर फुटते, वाळली की कुऱ्हाडही मागं फिरते.

अष्टमीला इंद्रजितनं रजा टाकून गाडी अंगणात घेतली. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं अंग जॅकवर उचलून लोखंडी तिवईसारख्या घोड्यांवर टेकवलं आणि चाकं काढली. डावीकडचा आर्म दुपारपर्यंत निघाला. बोल्ट इतके गंजले होते, की सून राजलक्ष्मी वरून डिझेल सोडत होती आणि तो खालून बोल्टशी आणि स्वतःच्या नशिबाशी बोलत होता. जुना बुश द्वारकाबाईंनी हातात घेऊन पाहिला. झिजलेल्या चपलेच्या टाचेसारखं त्याचं रबर एका बाजूनं फाटून गेलं होतं. नवा आर्म मात्र झटक्यात बसला. उजवीकडचा निघाला तेव्हा दिवस कलला होता, आणि खोक्यातला दुसरा नवा आर्म लावायला जावं तर तोही डाव्या बाजूचाच. दुकानात घाईत खोकी उचलताना इंद्रजितनंच पाहिलं नव्हतं. राजलक्ष्मी म्हणाली, दोन डाव्या चपला घेऊन आलाय. सकाळी आर्म बदलून आणायचा, बारापर्यंत बसवायचा आणि लगेच बारामतीत चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं, असं त्यानं ठरवलं. ते केल्याशिवाय गाडी लांब न्यायची नाही, आणि दसऱ्याला ती दुकानं बंद असतात.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. इंद्रजित उजाडताच फटफटीवर बारामतीला गेला. राजलक्ष्मी म्हशींची धार काढून शेजारच्या मळ्यात झेंडू आणायला गेली. घरात द्वारकाबाई एकट्या राहिल्या, आणि त्यांच्या हातांनी दर वर्षीचं काम सुरू केलं. विळे, खुरपी, कुऱ्हाड, कुदळ त्यांनी नळाखाली धुऊन पुसली. अंगणात आल्या तर गाडीखाली पोत्यावर पाने, हातोडा, टॉमी, पक्कड सगळं पसरलेलं. लेकाच्या पोटापाण्याची हत्यारं ती, काळ्या वंगणानं माखलेली. आपलं खुरपं देवापुढं आणि लेकाची हत्यारं मातीत, हे त्यांना बरं दिसलं नाही. त्यांनी एकेक पाना राखेनं घासला, फडक्यानं कोरडा केला आणि देवघरापुढं घोंगडीवर ओळीनं मांडला. प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं, वर फुलं वाहिली, नारळ ठेवला, उदबत्ती लावली. मांडणी इतकी देखणी झाली होती, की त्या तिच्यापुढं थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या.

इंद्रजित आला तो उजवा आर्म खांद्यावर घेऊन, खुशीत. गाडीखाली वाकला, पोतं झटकलं, पलीकडं पाहिलं.

“आई, माझा एकवीसचा पाना कुठाय?”

“देवापुढं,” द्वारकाबाई आतून म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांना आपण काय करून बसलो ते कळलं.

त्यांच्या घरात खंडेनवमीला पूजेतलं हत्यार उचलत नसत. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला तेवढा एक दिवस विसावा. इंद्रजित दारात उभा राहून कुंकू लावलेल्या पान्यांकडं नुसता बघत राहिला. राजलक्ष्मी म्हणाली, आत्या, नमस्कार करून एकच पाना घेऊ, देव काय मोजत बसलाय? मग इंद्रजित आधी वस्तीवर पाना मागायला गेला. तासाभरानं रिकाम्या हातानं परत आला आणि त्याला हसू आवरेना. वस्तीतल्या एकूणएक घरी पाने देवापुढं. विहिरीच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या मिस्त्रीनं तर ट्रॅक्टरला एवढा झेंडू बांधला होता, की सीटसुद्धा दिसत नव्हती. भाड्याच्या गाड्यांना फोन केले, त्या सगळ्या तुळजापूरला गेलेल्या. फटफटीवर बसायला किंवा एसटीच्या पायऱ्या चढायला द्वारकाबाईंचा गुडघा तयार नव्हता.

“तू सांग आई,” इंद्रजित शेवटी म्हणाला. “तू म्हणशील तर उचलतो.”

द्वारकाबाई देवघरापुढं बसल्या. एकवीसचा पाना हाताच्या अंतरावर होता. उचलला असता तर उद्या अक्काच्या दारात असत्या. पण त्यांना माहेरची एक खंडेनवमी आठवली. त्या दिवशी वाऱ्यानं बांधावरची बाभळ मोडून गाडीवाटेवर आडवी पडली होती. कुऱ्हाड पूजेत. वडिलांनी आणि चुलत्यांनी दोर लावून ती हातानं ओढून काढली, आणि संध्याकाळी वडिलांचे तळवे काट्यांनी भरलेले. काटे काढायला सुई हवी, तर सुईसुद्धा देवापुढं. मग अक्का बाहेर जाऊन त्याच बाभळीचा काटा घेऊन आली. द्वारकानं रॉकेलची चिमणी धरली आणि अक्कानं काट्यानं काटे काढले.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “उद्या उचल.”

मग त्यांनी स्वतःच फोन लावून घेतला. अक्कानं ठरलेलं वाक्य बोलायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं, की गाडी घोड्यांवर हाय, पाने मीच पूजेत घातले, उद्या येणं व्हत न्हाय. पलीकडून कोंबड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

“पूजेत घातलेस न्हवं?” फुलाबाईनं विचारलं.

“घातले.”

“मग उचलू नगं.”

आणि फोन बंद झाला. अक्का रागावली की काय झालं, ते द्वारकाबाईंना कळेना. त्या रात्री त्या जेवल्या, पण काय जेवल्या ते त्यांना सांगता आलं नसतं.

दसऱ्याला सकाळी इंद्रजितनं पूजेला नमस्कार करून पाने उचलले. हळद लागलेल्या पान्यांनी उजवा आर्म बसला. चाकं चढली, आणि गाडी घोड्यांवरून उतरून चाकांखालच्या जाड लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली. आता मुळाशी रबर धरणारे मोठे बोल्ट शेवटचे आवळायचे राहिले होते. ते अधांतरी आवळायचे नाहीत, तो म्हणाला. गाडीनं आपलं वजन घ्यावं, माणसं जागेवर बसावीत, रबराला जसं रोज बसायचं तसं बसू द्यावं, आणि मग आवळावं. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात पीळ बसून फाटतं.

“आई, तू तुझ्या जागेवर बस.”

द्वारकाबाई पाटावर पाय देऊन चढणार, तोच वस्तीच्या रस्त्यावर दुधाचा टेम्पो थांबला. फुलाबाईचा नातू ऋषिराज रोज तो टेम्पो घेऊन बारामतीच्या डेअरीत दूध घालायचा. त्यानं दार उघडून धरलं आणि आतून हिरव्या इरकलीतली फुलाबाई काठी टेकत उतरली. राजलक्ष्मी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. फुलाबाईनं तांब्या घेतला नाही आणि उंबऱ्याकडं पाहिलंही नाही.

“दसऱ्याला मी धाकटीच्या दारात येत न्हाय,” ती म्हणाली. “तुझी गाडी माझ्याकडं येणार व्हती न्हवं? मग मी गाडीत बसते. गाडी आली म्हणायची.”

इंद्रजितनं तिला धरून वर चढवलं, स्टिअरिंगच्या मागं. द्वारकाबाई आपल्या जागी बसल्या. गाडी दोन्ही अंगांनी किंचित दबली आणि स्थिर झाली. अंगणात उभ्या गाडीत दोन म्हाताऱ्या, समोर काचेपलीकडं उसाचा फड.

“मावशी, हलू नको,” खालून इंद्रजित म्हणाला.

“आमच्या दोघींचं वजन पुरंल का रं?”

“मावशी, तुझं एकटीचंच पुरलं असतं.”

“ऐकलंस का द्वारके? मेला खाली झोपून बोलतोय म्हणून वाचला.”

खाली पाना करकरत फिरू लागला. द्वारकाबाईंनी पदरात बांधून ठेवलेल्या आपट्यातली एक डहाळी काढली. त्यांनी ती अक्काच्या तळव्यावर ठेवली आणि तिच्या पाया पडायला वाकल्या, तर मध्ये गिअरचा दांडा आला. फुलाबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसतेय की काय, ते कळायला वेळ लागला.

“सुई पूजेत व्हती म्हणून काटा आणला व्हता मी,” ती म्हणाली. “आठवतंय तुला?”

“चिमणी मी धरली व्हती.”

“धरली व्हतीस. तेल सांडलं व्हतंस माझ्या परकरावर.”

मग वर्षभराचं सगळं बोलणं सुरू झालं. शेवटचा बोल्ट आवळून इंद्रजित बाहेर आला, हात धुतले, तरी त्या उतरायचं नाव घेईनात. राजलक्ष्मीनं पुरणपोळीची ताटं गाडीतच दिली. दिवस मावळल्यावर, दसरा संपला असं स्वतःच ठरवून फुलाबाई उंबरा ओलांडून घरात आली आणि राहिली.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून इंद्रजितनं दोघींना इंदापूरला नेलं. पुढची जागा द्वारकाबाईंनी अक्काला दिली. फाट्यावरचा गतिरोधक आला तेव्हा त्या मागं श्वास धरून बसल्या. गाडी सावकाश वर गेली, खाली आली, आणि काहीच वाजलं नाही. इंद्रजितनं आरशातून आईकडं पाहिलं. पुढं फुलाबाई भिगवणच्या कुणा सोयऱ्याची तक्रार सांगत होती, तिचं लक्षच नव्हतं.

घर आलं. फुलाबाई काठी टेकत तरातरा आत गेली आणि दार लोटून घेतलं. द्वारकाबाई बाहेर उभ्या राहिल्या. मग आतून आवाज आला.

“कोण हाय?”

“मी द्वारकी.”

“काय आणलंस?”

द्वारकाबाईंनी पदराची गाठ चाचपली. दोन पानांचा एक तुरा अजून शिल्लक होता.

“सोनं,” त्या म्हणाल्या, आणि दार उघडलं.