सिरीलची निळी जोडी

ओमेरला मूठमाती द्यायला सगळं झांडबेके गाव आलं होतं. समोरच्या घरातला सिरील तेवढा आला नाही, आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नाही. महायुद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून दोघांत बोलणं नव्हतं.

दोन दिवसांनी ओमेरची मुलगी हेरलिंडे टोपलीत कबुतराची एक निळी मादी घालून रस्ता ओलांडून गेली. रविवारी कॅफेत बाबांच्या शर्यतीच्या कबुतरांचा लिलाव होता. त्याआधी ती सगळी सिरीलच्या हवाली करायची, असं बाबांनी आजारपणात तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. का, तेही सांगितलं होतं.

सिरील बटाटे सोलत होता. "लिलावाचं बोलावणं? माझ्या खुराड्यात आता बटाटे असतात."

"बसू का, सिरीलकाका?"

"बस की. तुझ्याशी कसलं भांडण? तू तेव्हा पाळण्यात होतीस."

गावाला ठाऊक असलेली गोष्ट एवढीच होती. जर्मन आले तेव्हा सिरील बायकोला घेऊन फ्रान्सकडे पळाला आणि कबुतरं ओमेरच्या भरवशावर सोडून गेला. मग नगरपालिकेच्या दारावर हुकूम लागला, की शत्रूला निरोप नेतील म्हणून गावातली सगळी कबुतरं मारून टाका. ऑगस्टमध्ये सिरील परतला, तर खुराडी रिकामी. भर कॅफेत तो ओमेरला भेकड म्हणाला. ओमेर ग्लासात बघत राहिला.

"बाबांनी तुमची सगळी नव्हती मारली," हेरलिंडे म्हणाली. "स्वतःची मारली. तुमची निळी जोडी माळ्यावर गवताआड लपवली होती. कॅफेत कोण कोण बसलेलं असायचं, तुम्हाला माहीत आहे. तिथं बोलले असते तर जर्मनांनी भिंतीशी उभं करून गोळी घातली असती त्यांना."

सिरीलची सुरी थांबली. "तेव्हाचं समजलं. पण जर्मन गेल्यावर?"

"तोवर ती जोडी मेली होती. पिल्लं उरली होती. तुम्ही बाबांना बघितलं की पाठ फिरवायचात. मग ती पिल्लं शर्यती जिंकायला लागली." पुढचं सांगायचं नाही, असं तिला रस्ता ओलांडताना वाटून गेलं होतं. "मग बाबांना ती सोडवेनात."

"गाढव," सिरील म्हणाला. आवाज चढवून नाही. शेजारी बसलेल्या माणसाला म्हणावं तसा. "टोपीत दोन अंडी घालून यायचं. माझ्याकडे तेव्हा उबवणाऱ्या माद्या होत्या. इथं अंड्यातून निघालेली पिल्लं इथलीच झाली असती. तोंडातून शब्द नसता काढला तरी चाललं असतं मला."

"आता घ्या ना. सगळी घ्या."

"मोठं कबुतर घर बदलत नाही, पोरी. दार उघडलं की तुमच्याच छपरावर जाऊन बसेल. मग काय, जन्मभर कोंडून ठेवू?"

तरी त्यानं हात पुढे केले. मादी घेतली, पंख पसरून पाहिला, खिडकीकडे धरून तिचा डोळा न्याहाळला. पोटाखाली बोट फिरवलं आणि एकदम खेकसला, "ही अंड्यांवरची आहे! ओमेरची मुलगी तू, आणि अंड्यांवरून मादी उचलतेस?"

"मला त्यातलं कळत नाही, काका. बाबा शिकवायचे, मी पुस्तक घेऊन बसायचे." ती जरा थांबली. "रविवारी मी सगळ्यांसमोर सांगते, ही जात तुमची आहे म्हणून."

"नको."

"त्यांची तीच इच्छा होती."

"त्याची असेल. इतकी वर्षं त्याच कॅफेत बसून मी त्याला भेकड म्हणत आलो. तू सांगशील आणि लोक मान डोलावतील. पण मी माफी मागायला जाऊ कुणाकडे?" त्यानं मादी टोपलीत ठेवून झाकण लावलं. "त्याच्याच नावानं विक. उडवली त्यानंच. चांगली उडवली."

हेरलिंडेनं टोपली उचलली. बाबांना दिलेला शब्द पाळायचा राहिला होता, आणि आता तो पाळायला दुसरं दार नव्हतं.

सिरील उंबऱ्यापर्यंत आला. "शेवटी शेवटी माझं नाव काढायचा?"

"रोज."

"रोज," तो म्हणाला. "आणि मी इथंच होतो."