हनुवटीखालचा व्रण

“ही माझी मुलगी नाही.” काउंटरवरचा फोटो काकूंनी पालथा घातला. “हनुवटीखालचा व्रण कुठे गेला?”

आतल्या खोलीत संगणकापुढे बसलेल्या तिचा हात माउसवरच थांबला. सतरा वर्षं ती या स्टुडिओत लोकांचे डाग, वांग, सुरकुत्या पुसत आली होती. मालक कौतुकाने तिला ‘खोडरबर’ म्हणायचे. या शहरात चेहऱ्यावर डाग असला, तर दुकानात काउंटरमागेही कुणी उभं करत नसे. ती आतच बसायची, त्यामुळे फोटो कुणाचा, कशासाठी, हे विचारतच नसे. हात आपोआप चालायचे. काल तो व्रणही तसाच गेला, आणि सवयीने तिने मूळ फोटोवरच सेव्ह केलं.

मालक आत आले. “मूळ फोटो दे पटकन.”

“नाहीये. त्याच्यावरच सेव्ह झालं. त्यांनी दिलेल्या मेमरी कार्डावर तेवढाच होता.”

मालकांनी कपाळाला हात लावला. “अगं, मुलगी गेलीय त्यांची! आता तूच निस्तर.”

निस्तरायचं म्हणजे बाहेर काकूंसमोर जायचं. तिच्या डाव्या गालावर जन्मापासूनचा जांभळा डाग होता. “तू आतच बस, गिऱ्हाईक बुजतं,” असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिलाही ते सोयीचंच वाटलं होतं. केसांची बट गालावर ओढून ती बाहेर आली.

“काकू, चूक माझी आहे. व्रण मी पुन्हा काढून देते. मला आठवतोय.”

“तू तिला बघितलं तरी होतंस का? काय आठवणार तुला?”

चेहरा खरंच आठवत नव्हता. डोळे नाही, हसू नाही. खोट तेवढी बरोबर लक्षात राहिली होती, याची तिला लाज वाटली. काकूंना आत शेजारी बसवून तिने पडद्यावर एक तिरपी, बारीक रेघ ओढली.

काकू वाकून बघू लागल्या. “माझ्या कडेवरून पडली होती. व्रण जावा म्हणून रोज क्रीम चोपडायचे मी. ती म्हणायची, ‘आई, राहू दे गं, मला नाही टोचत.’ अजून जरा अलीकडे घे.”

“अलीकडे म्हणजे?”

“थांब, दाखवते.”

काकूंनी तिचा चेहरा स्वतःकडे वळवला. मध्ये येणारी बट कानामागे सारली. डाग दिसला की समोरच्याचा हात मागे जातो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. पण काकूंची नजर गालावरून तशीच खाली उतरली. “इथे,” हनुवटीखाली बोट टेकवून त्या म्हणाल्या.

तिने रेघ तेवढी सरकवली. काकू पडद्याजवळ सरकल्या. मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “हं. हीच.”

फोटो छापून, फ्रेममध्ये बसवून ती बाहेर आली, तेव्हा काउंटरपाशी चार गिऱ्हाईकं थांबली होती. सगळ्यांनी वर पाहिलं. बट अजून कानामागेच होती. फ्रेम जड होती, दोन्ही हातांनी धरावी लागत होती.