वेणूबाईच्या कॉटखालचा कन्व्हर्टर

मित्रांनो, गाडी म्हटलं की तुम्हाला चाकं आठवतात, दिवे आठवतात, हॉर्न तर आठवतोच. मी मात्र कोणालाच आठवत नाही. मी एका निळ्या गाडीच्या इंजिनाला चिकटून राहणारा जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून गॅरेजवाले मला नुसतं 'कॅट' म्हणतात. मला ते आवडत नाही, पण माझी आवडनिवड कोणी कधी विचारलीच नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. बाहेरून मी साधा पोलादी डबा दिसतो. पोटात मात्र मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेली एक वीट आहे आणि तिच्यावर प्लॅटिनमसारख्या भारी धातूंचा पातळ हात दिलेला आहे. इंजिनाचा धूर माझ्या तापलेल्या पोटातून गेला की त्यातलं बरंचसं विष निवळतं. त्या विषात एक वायू फार लबाड आहे. त्याला रंग नाही, वास नाही. कार्बन मोनॉक्साइड म्हणतात त्याला. माणूस तो श्वासाबरोबर घेत राहतो आणि आपलं डोकं का दुखतंय हे त्याला कळत नाही. गाडी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं मी स्वतःच थंडगार असतो, तेव्हा माझ्या हातून काही होत नाही, हे कबूल करतो. एकदा तापलो की मात्र मी कधी कामचुकारपणा केला नाही.

जुईनगरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या नंदकिशोरसाहेबांकडे मी आठ वर्षं काम केलं. दर वर्षी पीयूसीच्या तपासणीत गाडी पहिल्या झटक्यात पास व्हायची. साहेब खूश होऊन बॉनेटवर थाप मारायचे. काम माझं आणि शाबासकी बॉनेटला! पण मी तेवढ्यावर समाधानी होतो.

मग त्यांच्या मुलाला, निशांतला, नोकरी लागली आणि साहेबांनी गाडी त्याच्या हवाली केली. निशांत मनाने वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला फक्त गाडीचा आवाज हवा होता. दिवाळीनंतर तो गाडी घेऊन रबाळ्याला दत्तूच्या गॅरेजात गेला आणि त्याने हेडर बसवायला सांगितला. हेडर म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नव्या, मोकळ्या नळ्या. त्या बसवल्या की गाडी थोडी जोरात पळते आणि पुष्कळ जोरात गरजते. मी जुन्या नळ्यांनाच जोडलेला होतो. त्या निघाल्या, की मीही निघणार.

"पण दत्तूभाई, पोल्युशनचं काय?" निशांतने विचारलं. विचारलं होतं त्याने.

"टेन्शन नको घेऊ रे. सगळी पब्लिक काढूनच टाकते. डॅशबोर्डवर लाइट पण नाय येणार, सेन्सरची सेटिंग करतो मी. हा पीस फक्त जपून ठेव, गाडी विकायच्या टायमाला परत लागेल."

अर्ध्या दिवसात मी एका गोणपाटात जाऊन पडलो. एवढ्या वर्षांची नोकरी आणि निरोपाला गोणपाट!

मला घरी न्यावं, तर आई ओरडेल. म्हणून निशांत मला घेऊन वॉचमनच्या खोलीपाशी आला. आमच्या सोसायटीचे वॉचमन कोंडिबा आणि त्यांची बायको वेणूबाई साताऱ्याकडचे. बिल्डिंगखालच्या पार्किंगला लागूनच त्यांची एक खोली होती. निशांत शाळेत असल्यापासून वेणूबाईच्या हातची भाकरी हक्काने मागून खायचा.

"मावशी, हे तुमच्याकडे ठेवाल का? थोडे दिवस."

"ठिव की बाळा. त्याला काय खायाला घालावं लागतंय?" त्या हसल्या. गंज चढू नये म्हणून त्यांनी मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि आपल्या कॉटखाली सरकवलं. मला त्या हातांनी इतक्या मायेने उचललं, की क्षणभर मी गोणपाट विसरलो.

आता नीट ऐका. आमच्या सोसायटीत गाडी रिव्हर्समध्ये लावायचा नियम आहे, म्हणजे निघताना गोंधळ होत नाही. निशांत तो नियम चोख पाळायचा. त्याची जागा वेणूबाईच्या खोलीसमोरची. त्यामुळे गाडीचं तोंड रस्त्याकडे आणि धुराची नळी थेट त्यांच्या खिडकीकडे. खिडकीला काच नव्हती, नुसती डासांची जाळी होती. रोज सकाळी निशांत गाडी सुरू करून ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटं तापू द्यायचा आणि आवाज ऐकत उभा राहायचा. तो सगळा धूर जाळीतून आत यायचा. मी कॉटखाली पडून होतो. ज्या कामासाठी मला घडवलं, ते काम माझ्यापासून चार हातांवर होतं आणि मला हलता येत नव्हतं.

वेणूबाईंचं डोकं दुखू लागलं. सकाळी मळमळायचं, पाय जड व्हायचे. धुराच्या वासाने डोळे चुरचुरायचे, पण वासाची माणसाला सवय होते. दवाखान्यात ब्लडप्रेशरची गोळी मिळाली. मधे त्या भाचीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेल्या आणि टवटवीत होऊन आल्या.

"बघ, गावचं पानी मानवतं तुला," कोंडिबा म्हणाले. "हितलं पानी वाईट." तेव्हापासून ते दोघांचं पिण्याचं पाणी उकळून घेऊ लागले. पाणी! मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण डब्याला कुठला आवाज?

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी निशांत गाडीच्या आवाजाचा व्हिडिओ करायला उतरला. वेणूबाई डोकं धरून झोपल्या होत्या. कोंडिबांनी आंघोळीचं पाणी कोळशाच्या शेगडीवर तापवलं होतं. कोळशावर पाणी ओतून त्यांनी शेगडी आत माझ्या शेजारी ठेवली आणि ते टाकीचा पंप बघायला गच्चीवर निघाले. जाताना गाडीचा आवाज ऐकून थबकले. बायकोची झोप मोडू नये म्हणून त्यांनी दार घट्ट ओढून घेतलं.

गाडी अर्धा तास गरजत राहिली.

कोंडिबा परत आले तेव्हा वेणूबाई हाकेला ओ देईनात. त्यांच्या आरोळीने निशांत धावत आला. त्यानेच मावशींना उचललं, त्याच गाडीत घातलं आणि सिग्नल तोडत हॉस्पिटलात नेलं. खरोखर जिवाच्या आकांताने नेलं. त्या वाचल्या, त्या लवकर पोचल्या म्हणूनच.

संध्याकाळी कोंडिबा आणि निशांत खोलीत आले. कोंडिबा जमिनीवर बसले.

"डॉक्टर म्हनले, कोंडलेल्या धुरानं झालं. शेगडी पेटवता का, म्हनले. मी म्हनलं, व्हय." त्यांनी शेगडीकडे बोट दाखवलं. "मीच आत ठिवली, दादा. वर दार बी मीच लावलं."

 निशांतची नजर जाळीकडे गेली, तिथून समोर उभ्या गाडीकडे आणि मग कॉटखाली, माझ्याकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला सगळं कळलं होतं, मित्रांनो. मी ते डोळ्यांदेखत पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी त्याने मला रबाळ्याला नेलं.

"एवढ्यात कंटाळलास?" दत्तू म्हणाला. "आवाज आवडला नाय?"

"घरचे ओरडतात," निशांतने सांगितलं.

मी परत जागेवर बसलो आणि कामाला लागलो. सोसायटीतले लोक म्हणू लागले, पोरगा शहाणा झाला.

वेणूबाई मात्र पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. हात थरथरतो. चहात साखर घातली का, ते आठवत नाही. कधी कोंडिबांनाच भावाच्या नावाने हाक मारतात. महिन्याभराने कोंडिबांनी नोकरी सोडली. निशांतने दोघांना एस.टी.पर्यंत आमच्याच गाडीतून सोडलं. उतरल्यावर कोंडिबांनी हात जोडले.

"माझ्या चुकीनं ही गेली आसती. तुमी द्येवावानी धावलात, दादा. उपकार हायेत तुमचे."

निशांतचे ओठ हलले. इंजिन चालू होतं, मी तापलेला होतो, आणि मी वाट पाहत होतो. आता बोलेल, आता बोलेल.

"काळजी घ्या काका," एवढंच तो म्हणाला.

मित्रांनो, गाडीचा एखादा भाग काढून टाकावासा वाटला, तर तो कोणासाठी बसवलाय हे आधी विचारा. तो बहुधा गाडीत बसणाऱ्यासाठी नसतो. आणि माझी एक विनंती आहे. मला बोलता येत नाही आणि ज्याला येतं तो बोलत नाही. साताऱ्याकडे कधी तुम्हाला एक म्हातारा भेटेल, विसरभोळ्या बायकोला घास भरवणारा आणि स्वतःला दोष देणारा. त्याला सांगा, शेगडी विझलेली होती. पार गार पडली होती. मी तिच्या शेजारीच होतो.