मोठ्या सिस्टरांची पाहणी

मोठ्या सिस्टरांनी कुणालाही न विचारता वृद्धाश्रमातल्या पहिल्याच खाटेवरच्या म्हातारीच्या पायावरची चादर बाजूला केली, टाच उचलून खालून पाहिली आणि अलगद परत ठेवली. टाच कोरडी होती. मग त्यांनी गादीखाली हात घालून ओल चाचपली, नखं पाहिली, खाली वाकून उशीचा वास घेतला. सोबतची सेविका बघतच राहिली. नातेवाईक येतात ते बाग बघतात, टीव्ही केवढा आहे ते बघतात, असं तिने सांगितलं.

"बाग घेऊन काय करू? आमचे हे कुठं चालतायत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारी इस्पितळात काढली होती, त्यातली शेवटची अठरा वर्षं पुरुषांच्या वॉर्डाच्या प्रमुख म्हणून. निवृत्तीला आठ वर्षं झाली तरी जुनी माणसं त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणत. नवरा छापखान्यात कंपोझिटर होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे उचलून ओळी जुळवण्यात नवऱ्याचा जन्म गेला. छापखाना बंद पडला, पुढे आठवणही गेली, पण बोटं काही थांबली नाहीत. चादरीवरून, ताटातून, हवेतून ते दिवसभर काहीतरी वेचत बसत. लघवीची नळी घातल्यापासून तर नळीच ओढत; दोनदा रक्त आलं होतं. गेल्या महिन्यात त्यांना उचलताना सिस्टरांची कंबर धरली आणि दोघंही बाथरूममध्ये पडले. शेजारीण येईपर्यंत तास-दीड तास तसेच पडून होते. परगावच्या मुलीने फोनवर निक्षून सांगितलं, की आता पुरे, चांगली जागा बघ. तुझ्याइतकं यातलं कळतं कुणाला?

ही चौथी जागा. पहिलीत दारातच वास आला होता. दुसरीत एक बाई तिघांना एकाच चमच्याने भरवत होती. तिसरी उत्तम होती, पण तिथे खाट मिळायला दीड वर्ष लागणार होतं. इथली खाट त्याच सकाळी रिकामी झाली होती. गेलेल्या माणसाचे कपडे अजून पिशवीत घडी घालून ठेवलेले होते, आणि संध्याकाळपर्यंत होकार हवा होता.

प्रमुख बाई कचेरीतून बाहेर आल्या, सिस्टरांकडे पाहून थबकल्या आणि हात मागे बांधून ताठ उभ्या राहिल्या. वॉर्डात सिस्टर फेरीला आल्या की शिकाऊ मुली अशाच उभ्या राहत. मग सिस्टरांनाही ओळख पटली. ही धाकटी; वॉर्डात सगळ्यात लहान म्हणून तेव्हा हेच नाव पडलेली. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली शिकायला आली होती. हात बांधलेला एक म्हातारा हमसून रडत होता म्हणून हिने त्याची पट्टी सोडली, आणि त्याने सलाईनची सुई उपसून काढली. सिस्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर हिला फैलावर घेतलं होतं. दया येत असेल तर घरी जा, इथं तीस खाटा आणि दोन माणसं आहेत, असं म्हणाल्या होत्या.

धाकटीच्या बोलण्यात त्याचा राग कुठेच नव्हता. तिने चहा मागवला, कंबरेची चौकशी केली, सिस्टरांमुळेच आपण इथवर पोचलो असं सेविकेला सांगितलं. ते तिचं मनापासूनचं होतं. मग ती स्वतः सगळं दाखवायला निघाली.

शेवटची खोली सहा खाटांची होती, त्यातली एक सकाळी रिकामी झालेली. पाचही पुरुष शांत पडले होते. प्रत्येकाची दोन्ही मनगटं पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधलेली होती. गाठ दांड्याच्या खालच्या अंगाला होती, बोटं पोचणार नाहीत अशी. सिस्टरांना ती पाहताक्षणीच ओळखू आली. गाठ वर दिसू देऊ नका, दिसली की सोडायचा नाद लागतो, हे त्यांनी दर वर्षी नव्या मुलींना शिकवलं होतं.

खिडकीजवळच्या म्हाताऱ्याने पाणी मागितलं. पेला टेबलावर भरलेला होता. सिस्टरांनी तो उचलला.

"आत्ता नको, सिस्टर," धाकटी हळूच म्हणाली. "आताच चादरी बदलल्यात. चार वाजता सगळ्यांना एकदमच देतो. तुमचाच नियम आहे."

सिस्टरांनी पेला खाली ठेवला. म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. पुन्हा काही मागितलं नाही त्याने.

कचेरीत त्यांनी अर्ज भरला. टाच कोरडी होती, गादी कोरडी होती, नखं कापलेली होती. इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा ही जागा बरी होती, आणि हे त्यांच्याहून चांगलं कुणाला कळणार? सही झाल्यावर त्या खाली बघत म्हणाल्या, "एक सांगू? ह्यांना तेवढं बांधू नकोस."

धाकटीने अर्ज फायलीत लावला.

"सगळ्यांच्या घरचे हेच म्हणतात, सिस्टर. तुम्ही काय सांगायचात त्यांना?"

सिस्टरांनी पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं. तेव्हा धाकटीने टेबलावरचा त्यांचा हात थोपटला आणि वॉर्डात त्या नातेवाइकांना सांगत तेच वाक्य, अगदी त्यांच्याच सुरात, त्यांना ऐकवलं. "अगदी घरच्यासारखं बघू आम्ही. तुम्ही निश्चिंत जा."

सोमवारी दुपारी त्या नवऱ्याला घेऊन आल्या. दाढी करून, धुतलेला सदरा घालून आणलं होतं. खाटेवर निजवल्यावर ते छताकडे बघत होते. धाकटी पट्टीची गुंडाळी घेऊन आली, आणि त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि मनगटं जवळ आणून तिच्यापुढे धरली.

गुंडाळी हातात धरून धाकटी थांबली. तिने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर भिंतीकडे बघत होत्या. भाजीला जायचं असलं की, आंघोळीला जायचं असलं की, आणि अलीकडे तर नुसतं पाच मिनिटं पडायचं असलं तरी, घरी त्या त्यांची मनगटं अशीच बांधत आल्या होत्या. मुलीला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

धाकटीने गुंडाळी सोडली. एकेक मनगट तिने दांड्याशी नेऊन बांधलं. काम नीटच झालं होतं, तरी सिस्टर पुढे झाल्या. पट्टी काचत तर नाही ना हे बघायला त्यांनी उजव्या मनगटाशी दोन बोटं आत सरकवली. जागा पुरेशी होती. तेवढ्यात नवऱ्याने हात वळवला आणि ती दोन्ही बोटं मुठीत घट्ट धरली.

सिस्टर थोडा वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या. कंबर ठणकायला लागली. मग त्यांनी दुसऱ्या हाताने नवऱ्याची मूठ उलगडायला घेतली, आधी करंगळी, मग तिच्याशेजारचं बोट, मग मधलं.